व्यसनमुक्तीचे उपचार : यश कशाने मोजावे?

सप्तव्यसनांचा त्याग ही श्रावकाचाराची पहिली पायरी. तरीही काही घरांत मद्य शिरतेच आणि शिरले की प्रथम ते लपविले जाते. पेढीची पत आणि मुलामुलींचे विवाहसंबंध यांची चिंता त्यामागे असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणतातरी उपचार मिळाला होता.

उपचार झाल्यावरही रुग्ण पुन्हा पिऊ लागला, तर 'पैसे वाया गेले' असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या मते उपचारानंतर ४० ते ६० टक्के रुग्णांमध्ये व्यसन पुन्हा उद्भवते. उच्च रक्तदाब व दमा यांत हेच प्रमाण ५० ते ७० टक्के आहे. रक्तदाब वाढला म्हणून कोणी औषध निरर्थक ठरवीत नाही. मात्रा बदलून उपचार चालू ठेवतात. व्यसनालाही हाच न्याय लावावा.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी उभारलेल्या 'मुक्तांगण'मध्ये निवासी उपचारांइतकेच महत्त्व नंतरच्या पाठपुराव्याला दिले जाते. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे 'सहचरी' हा गट आहे. कारण आजार एकाचा असला, तरी तो संपूर्ण घर भोगते.

घरच्यांनी काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. दीर्घकाळ भरपूर मद्य घेणाऱ्यास एकाएकी घरीच बंद करायला लावू नये. झटके येऊन जिवावर बेतू शकते. त्याची उधारी गुपचूप फेडू नये. 'लग्न झाले की सुधारेल' म्हणून परक्या मुलीचे आयुष्य पणाला लावू नये.

गुरुमहाराजांसमोर घेतलेला नियम मनाला बळ देतो. परंतु तो वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाही. नियम मोडला, तरी मार्ग संपत नाही. प्रतिक्रमण या शब्दाचा अर्थच मागे परतणे असा आहे. दोषाची आलोचना करून पुन्हा व्रतात स्थिर होण्याची वाट धर्माने खुली ठेवली आहे. घसरलेल्या मुलासाठी घराचे दारही तसेच उघडे असावे आणि त्याला पुन्हा उपचारांकडे न्यावे. शासनाच्या १४४४६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.