विश्लेषण : एनडी फिल्टर लावल्यावर काळी छत्री तपकिरी का दिसते? इन्फ्रारेड फिल्टर खरंच घ्यावा लागतो का?

पावसाळ्यात बेंबळी, धाराशिव, तुळजापूर परिसरातल्या हौशी छायाचित्रकारांची पावलं नळदुर्गकडे वळतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेल्या पाणीमहालावरून कोसळणारे नर-मादी धबधबे दुधासारखे मऊ टिपायचे, तर एनडी फिल्टर लागतो. पण घरी येऊन फोटो पाहावा तर गवत पिवळट-तपकिरी आणि काळी छत्री चक्क मरून! मग कोणी सांगतं, ‘इन्फ्रारेड रोखणारा फिल्टरही हवा.’ तो खरंच हवा का?

एनडी फिल्टर काय करतो?

तो कॅमेऱ्याचा गॉगल आहे. १० स्टॉपचा फिल्टर प्रकाश सुमारे हजारपटीने कमी करतो. त्यामुळे एरवी १/६० सेकंदात निघणाऱ्या फोटोसाठी शटर जवळपास १७ सेकंद उघडं ठेवता येतं आणि वाहतं पाणी धुक्यासारखं दिसतं.

मग रंग का बिघडतात?

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. कॅमेऱ्याच्या सिलिकॉन सेन्सरला मात्र सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचे अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड किरणही जाणवतात. ते अडवण्यासाठी कंपन्या सेन्सरसमोर एक पातळ फिल्टर बसवतात, पण त्यातूनही थोडे किरण निसटतात.

समजा, दृश्य प्रकाशाचे १० हजार भाग पोहोचतात तेव्हा इन्फ्रारेडचा एक भाग निसटतो. एवढ्याने फोटोत काहीच फरक पडत नाही. आता एनडी फिल्टरने दृश्य प्रकाश हजारपटीने कमी केला, पण इन्फ्रारेड तसाच जाऊ दिला, तर हे प्रमाण दहास एक होतं. शटर जास्त वेळ उघडं राहिलं की नको असलेला हा प्रकाशही तितकाच साठत जातो.

फटका कशाला बसतो?

हिरवी पानं इन्फ्रारेड मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. कृत्रिम धाग्यांची अनेक काळी कापडंही तेच करतात. म्हणून गवत, छत्री, सूट, शेरवानी यांचे रंग बदलतात. २००६ मध्ये आलेल्या लायका एम८ या महागड्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोरचा फिल्टर कमजोर होता. त्यात एनडी न लावताही काळे कपडे जांभळट दिसत. शेवटी कंपनीला ग्राहकांना इन्फ्रारेड रोखणारे फिल्टर मोफत द्यावे लागले.

लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांनीही सावध राहावं. कमी-जास्त करता येणाऱ्या व्हेरिएबल एनडीमध्ये दोन पोलरायझर असतात आणि इन्फ्रारेडवर त्यांचा प्रभाव कमी पडतो. ऊन आणि हॅलोजनमध्ये इन्फ्रारेड भरपूर असतो, पांढऱ्या एलईडीत जवळपास नसतो.

एडिटिंगमध्ये दुरुस्त होत नाही का?

पूर्ण फोटोवर एकसारखी रंगछटा आली असेल, तर ती व्हाइट बॅलन्सने जाते. इन्फ्रारेडचा परिणाम मात्र वस्तूगणिक वेगळा असतो. छत्री काळी करायला जावं, तर चेहऱ्याचा रंग बिघडतो.

पैसे खर्च करण्याआधी काय करावं?

घरच्या घरी चाचणी करा. उन्हात काळं नायलॉन कापड आणि झाडाची हिरवी फांदी शेजारी ठेवा. व्हाइट बॅलन्स न बदलता एक फोटो एनडीशिवाय आणि एक एनडी लावून काढा. उजेड दोन्हींत सारखाच यायला हवा, त्यासाठी शटरची वेळ वाढवा. कापड काळंच राहिलं, तर वेगळ्या फिल्टरची गरज नाही. फक्त तेच तपकिरी झालं, तर इन्फ्रारेड निसटतोय.

थोडक्यात

३ ते ६ स्टॉपच्या एनडीला बहुतेक आधुनिक कॅमेऱ्यांवर वेगळा फिल्टर लागत नाही. १० स्टॉप किंवा त्याहून गडद फिल्टर असेल, तर आधी चाचणी करा. नवीन घेणार असाल, तर ‘आयआर-एनडी’ लिहिलेला पाहा, कारण तो दृश्य प्रकाशासोबत इन्फ्रारेडही कमी करतो. हातात जुना चांगला एनडी असेल, तरच वेगळ्या इन्फ्रारेड फिल्टरचा विचार करावा. त्यातही वाइड लेन्सवर फोटोच्या कोपऱ्यांत हिरवट-निळसर छटा येऊ शकते, म्हणून दुकानातच लावून बघावा.

आणि फिल्म कॅमेरा वापरत असाल, तर निश्चिंत राहा. साध्या फिल्मला इन्फ्रारेड जाणवतच नाही.