पदपथाची कड आणि लोकसहभागाचा नकाशा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी भरत नेलेला डिजिटल नकाशा असून, त्यात रस्ते आणि इमारतींबरोबरच पदपथ, त्याच्या कडेचा कर्बस्टोन, उतार आणि जिने यांचीही नोंद करता येते. 2011 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख लोकसंख्या असलेले ठाणे आणि साडेबारा लाखांच्या आसपास असलेले कल्याण-डोंबिवली ही शहरे रेल्वे स्थानकांभोवती दाटलेली आहेत. येथील अनेकांचा प्रवास घर ते स्थानक या पायी टप्प्यानेच सुरू होतो, त्यामुळे या नोंदींचे मोल येथे विशेष आहे. मात्र त्यांविषयी काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज: नकाशात रस्ता दिसतो, म्हणजे पदपथाची माहितीही त्यात आलीच.

वस्तुस्थिती: नकाशातील रस्ता ही वाहनमार्गाची रेषा असते, पदपथ डाव्या बाजूला आहे, उजव्या बाजूला आहे, दोन्हीकडे आहे की मुळीच नाही, हे त्या रेषेला जोडलेल्या ‘टॅग’मध्ये, म्हणजे गुणधर्माच्या छोट्या नोंदीत, स्वतंत्रपणे लिहावे लागते किंवा पदपथाची वेगळी रेषा काढावी लागते. नोंद कोरी असणे आणि ‘पदपथ नाही’ अशी नोंद असणे यांत मोठा फरक आहे, कारण पहिलीतून काहीच कळत नाही, तर दुसरी व्हीलचेअरवरील व्यक्तीला वेळीच सावध करते.

गैरसमज: पदपथ रुंद आणि चांगला असला की तो सर्वांना वापरता येतो.

वस्तुस्थिती: पदपथाची उपयुक्तता त्याच्या टोकाशी ठरते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कर्ब हा रस्ता ओलांडण्याच्या रेषेवरील एक बिंदू म्हणून नोंदवला जातो: सुमारे 3 सेंटिमीटरपेक्षा अधिक उंची असल्यास ‘उंच’, तेवढ्याच्या आसपास असल्यास ‘उतरता’ आणि रस्त्याशी सलग असल्यास ‘समतल’. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शिकेत कर्बची कमाल उंची 15 सेंटिमीटर सांगितली आहे. व्हीलचेअरच्या उतारासाठीच्या 1 : 12 या प्रमाणाने तेवढी उंची चढायला 1.8 मीटर लांबीचा उतार लागतो. म्हणून ठाण्यातील गोखले रोड किंवा डोंबिवलीतील फडके रोड यांसारख्या वर्दळीच्या रस्त्यावरचा कोपरा नोंदवताना कर्बची उंची, उताराची रुंदी, उताराच्या तोंडाशीच रोवलेला खांब आणि पेव्हर ब्लॉकची अवस्था या चारही गोष्टी पाहाव्या लागतात, कारण त्यांपैकी एकीनेही वाट अडू शकते.

गैरसमज: व्हीलचेअरला सोयीचे ते सर्वच दिव्यांगांना सोयीचे.

वस्तुस्थिती: समतल कर्ब चाकांना सोयीचा असला, तरी पांढरी काठी वापरणाऱ्या अंध व्यक्तीला पदपथ कोठे संपला आणि रस्ता कोठे सुरू झाला हे कडेच्या उंचीवरून कळत असते, ती कड नाहीशी झाल्यावर तेथे पायाला व काठीला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा असणे अत्यावश्यक ठरते. त्यामुळे कर्ब आणि या फरशा यांची नोंद वेगवेगळी केली जाते. ‘सुगम’ किंवा ‘दुर्गम’ असा निवाडा देण्यापेक्षा उंची, रुंदी, पृष्ठभाग आणि चढ यांची मोजमापे देणे हिताचे, कारण मग कुबड्या, साधी व्हीलचेअर किंवा बाबागाडी यांपैकी जे वापरात असेल, त्यानुसार प्रत्येकाला आपला मार्ग निवडता येतो.

गैरसमज: असा नकाशा करण्यासाठी तज्ज्ञ आणि सरकारी परवानगी लागते.

वस्तुस्थिती: केंद्र सरकारच्या 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय नागरिकांसाठी नकाशानिर्मितीतील पूर्वपरवानगीची अट काढली असून, संवेदनशील ठिकाणांपुरतीच बंधने ठेवली आहेत. ‘स्ट्रीटकंप्लीट’सारखे अ‍ॅप जागेवरच सोपे प्रश्न विचारते आणि उत्तरांची नोंद नकाशात करते. मात्र गूगल मॅप्सवरून माहिती उतरवून घेणे परवान्याच्या अटींत बसत नाही. नोंद प्रत्यक्ष पाहणीतून किंवा वापराची परवानगी असलेल्या स्रोतांतूनच व्हावी लागते. तासागणिक जागा बदलणारे फेरीवाले आणि उभ्या दुचाकी यांची नोंद होत नाही, पण कायम रोवलेला विजेचा डीपी, झाड किंवा जिन्याखेरीज चढायची सोय नसलेला स्कायवॉक यांची अवश्य होते.

गैरसमज: एकदा नोंद केली की काम संपले.

वस्तुस्थिती: डांबरी रस्ता काँक्रिटचा झाला की त्याची पातळी वर येऊ शकते आणि कर्बची उंची बदलू शकते, म्हणून पाहणीची तारीख जोडणे आणि काही काळाने पुन्हा पाहणे आवश्यक असते. शिवाय नोंद म्हणजे उतार नव्हे. तो बांधण्याची जबाबदारी महापालिकेचीच राहते. सुगम्यतेची तरतूद असलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांना लागू आहे. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक असावेत असे बजावले, आणि दुसऱ्या एका प्रकरणात 14 मे 2025 रोजी अडथळामुक्त पदपथाचा पादचाऱ्यांचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 21 मध्ये, म्हणजे जीविताच्या हक्कात, अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले. हा हक्क मागताना कोणत्या चौकात, कोणत्या बाजूला, किती उंचीचा कर्ब वाट अडवतो हे नेमके सांगता आले, तर मागणी टाळणे अवघड होते. म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील नागरिकांनी निदान आपल्या घरापासून स्थानकापर्यंतच्या वाटेवरील प्रत्येक कर्ब नकाशात नोंदवावा.