लाटेवर उडायचं, पण कोणत्या तिथीला?

कांदिवलीच्या पश्चिमेला, चारकोपच्या पलीकडे खारफुटी आहे, खाडी आहे. मोकळा समुद्र गाठायला मार्वे-गोराईच गाठावं लागतं. तरी आमच्याकडची पोरं मोबाइलवर फॉइलिंग, म्हणजे पाण्याखालच्या पंखावर उचलली जाणारी फळी, बघतात आणि विचारतात, "काका, सुरुवात कशानं करू, प्रोन की सप?" माझं उत्तर ठरलेलं आहे: सप, म्हणजे फळीवर उभं राहून वल्हवणं. मात्र आधी बिनफॉइलचं साधं सप पक्कं करा, आणि भिंतीवरचं कालनिर्णय वाचायला शिका.

इतिहास चटकन उरकतो. इटलीच्या फोर्लानिनींनी 1906 मध्ये माज्जोरे सरोवरात पंखांवर उचलली जाणारी बोट चालवली. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या बोटीनं 1919 मध्ये ताशी 114 किलोमीटरचा वेग गाठला. पुढे हवाईच्या सर्फर लेअर्ड हॅमिल्टननं हे पंख लाटेवर नेले आणि 2016 च्या सुमारास सर्फर काई लेनीच्या व्हिडिओंनी जगाला वेड लावलं.

फॉइल म्हणजे फळीखाली साधारण पाऊण मीटरचा दांडा, त्याच्या टोकाला पुढे मोठा पंख आणि मागे छोटा. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट, म्हणून एवढासा पंख माणसाला उचलतो. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. नवख्यानं त्यामुळेच मोठा पंख घ्यावा. तो कमी वेगातही उचलतो. फळी वर आली की घाबरून मागे रेलू नका, भार पुढच्या पायावर द्या.

प्रोनमध्ये पालथं पडून हातांनी वल्हवायचं, लाट लागताच झटक्यात उभं राहायचं, आणि तेवढ्यातच फॉइल उचलू लागतं. दोन परीक्षा एकाच वेळी! सर्फिंग येत असेल तर प्रोनच घ्या. फळी छोटी, हलकी, पटकन वळणारी. सपवर तुम्ही उभेच असता, हातात वल्हं असतं, दुरून येणारी लाट आधी दिसते. पण फळी मोठी. फुटणाऱ्या लाटांतून ती बाहेर नेताना दमछाक होते.

आमच्या किनाऱ्याचं गणित वेगळं आहे. पावसाळ्यातला समुद्र नवख्याचा नव्हेच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. हिवाळ्यातल्या लाटा मंद. सर्फर त्यांना नाकं मुरडतात, पण फॉइलला न फुटलेल्या लाटेचा उतार पुरतो, आणि तो उभ्यानं, वल्ह्याच्या जोरावर लवकर पकडता येतो. गोव्यात अश्वेमला तासन् तास बघत बसलो, तेव्हा हे मनावर ठसलं.

आता माझा लाडका विषय, भरती. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला जबर ओढ. मढ-मनोरीचे कोळी डोल जाळी लावतात ती याच ओढीच्या भरवशावर. अष्टमीनंतर भांग, म्हणजे ओढ कमी. दांडा वाळूत रुतू नये म्हणून छातीभर पाणी हवं, आणि भांगाच्या दिवसांत सकाळी भरतीही असते. यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता?

मात्र पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि सपवर उभा माणूस शीडच बनतो. वारा जाणवला की पाण्यात उतरू नका. डोल जाळ्यांचे खुंट कुठे आहेत ते कोळ्यांना विचारा. फॉइल दोरात अडकलं तर सुटका कठीण. अक्साला शिकायचा विचारही नको, तिथला समुद्र पोहणाऱ्यांनाही ओढून नेतो. हेल्मेट हवंच, कारण पंखाची कड कापते. पहिले धडे बोटीमागे, प्रशिक्षकासोबत घ्या.

लक्ष्मीपूजनाला अमावास्या, म्हणजे उधाण. फळी घरात ठेवा आणि फराळ करा. कार्तिक शुद्ध अष्टमी तेव्हा आठवड्यावर आलेली असते.