आकड्यांतून आवाज : घरच्या संगीतासाठी ‘डॅक’ निवडताना

माझ्या एका शिक्षकमित्राच्या वडिलांची भजने चार कॅसेटींत होती. वडील गेल्यावर गुरुजींनी ती लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली. घरी जुना अॅम्प्लिफायर होता, लाकडी पेटीचे दोन स्पीकर होते. लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रातून तार काढून अॅम्प्लिफायरला जोडली, भजन लावले, तो काय, वडिलांच्या आवाजाखाली एकसारखी घूंऽऽ अशी घरघर! दुकानदार म्हणाला, “गुरुजी, तुम्हाला चांगला डॅक पाहिजे. वीस हजारांचा घ्या.” वीस हजार ही काही थोडकी रक्कम नव्हे. रविवारी गुरुजी माझ्याकडे आले. मी शिकवतो मराठी. परंतु गाणे ऐकण्याच्या नादापायी या यंत्रांत बरीच वर्षे डोके घातले आहे, आणि पैसेही घालवले आहेत.

आता हा डॅक म्हणजे काय? ‘डिजिटल टू अॅनलॉग कन्व्हर्टर’ या लांबलचक नावाचे हे लघुरूप. मोबाइलमध्ये किंवा संगणकात गाणे नसतेच, असतात ते आकडे. ध्वनीची लहर वरखाली होत असते. तिची उंची ठराविक अंतराने मोजून टिपून ठेवतात. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीला आली. तिच्यात दर सेकंदाला ४४,१०० वेळा ही मोजणी केलेली असते, आणि मोजायची पट्टी ६५,५३६ पायऱ्यांची. या आकड्यांवरून विजेची लहर पुन्हा उभी करणे, एवढेच डॅकचे काम. स्पीकरला आकडे कळत नाहीत, लहर कळते.

आपण विचाराल, दोन मोजण्यांच्या मधला आवाज हरवत नाही का? शंका रास्त आहे. आलेखाच्या कागदावर बिंदू मांडले, तर त्यांच्यामधून हव्या तितक्या वेड्यावाकड्या रेघा काढता येतील. पण माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांच्या वरचे ऐकू येत नाही. लहरीतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी केली, की त्या बिंदूंतून जाणारी तशी लहर एकच उरते, दुसरी नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या लेखात हे सिद्ध करून दाखवले. तेव्हा डॅकमधून पायऱ्यापायऱ्यांचा आवाज येतो, ही समजूत सोडून द्यावी.

दुसरी गोष्ट, डॅक आपल्या घरात आधीच आहे. मोबाइलमध्ये आहे, टीव्हीत आहे. ब्लूटूथच्या स्पीकरला तर आकडेच हवेतून पोचतात आणि त्याच्या पोटातला डॅक त्यांची लहर करतो. त्याच्यासाठी बाहेरून डॅक घेणे म्हणजे जात्यावर दळलेले पीठ पुन्हा गिरणीत नेणे. वेगळा डॅक केव्हा घ्यावा? मोबाइलला हेडफोनचे छिद्रच नसेल, टीव्हीला फक्त प्रकाशाच्या तारेचे, म्हणजे ऑप्टिकल, तोंड असेल, किंवा आहे त्या यंत्रातून खरखर येत असेल तेव्हा. मोबाइलसाठी बोटभर लांबीचा हजार-दोन हजारांचा तुकडाही पुष्कळदा उत्तम काम देतो.

दुकानात २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ असे मोठे आकडे सांगतील. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ते उपयोगी आहेत. ऐकणाऱ्याचे काय? अमेरिकेत मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वरच्या दर्जाच्या तबकड्या एकदा जशाच्या तशा आणि एकदा साध्या सीडीच्या मापात बसवून ऐकवल्या, कोणती कोणती ते न सांगता. ५५४ वेळा विचारले. बरोबर उत्तरे २७६. नाणे उडवूनही इतकेच साधले असते! मी स्वतः एकदा महागडी पेटी घेऊन महिनाभर खूश होतो. पुढे ध्यानात आले की तिचा आवाज जुनीपेक्षा किंचित मोठा होता, एवढेच. मोठा आवाज कानाला गोड लागतो. तुलना करायची तर दोन्हींचा आवाज सारखा करून, दुसऱ्या कोणाला बदलायला सांगून, पाठ फिरवून ऐकावे.

तर गुरुजींकडे गेलो. लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून उपटला आणि घरघर तत्क्षणी थांबली. म्हणजे दोष डॅकचा नव्हताच. चार्जर आणि अॅम्प्लिफायर दोहोंना आर्थिंग, मधे गाण्याची तार. या वर्तुळातून घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण आत शिरत होती. यूएसबीच्या तारेतही जमिनीचा धागा असतोच, त्यामुळे यूएसबीवर चालणारी वीस हजारांची पेटी आणली असती तरी ही घरघर बहुधा तशीच राहती. ऑप्टिकल तारेतून मात्र वीज जात नाही, नुसता प्रकाश जातो. गुरुजींच्या टीव्हीला ते तोंड होते. भजने पेनड्राइव्हवर घेतली, पेनड्राइव्ह टीव्हीत लावला आणि टीव्ही व अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये हजार रुपयांच्या आतला छोटा डॅक बसवला.

आणि सारे चिडीचूप! घाबरू नका, पुष्कळांचे हे होते. टीव्ही डॉल्बीच्या सांकेतिक भाषेत आकडे पाठवत असतो आणि साध्या डॅकला ती भाषा येत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ध्वनीच्या सदरात ‘पीसीएम’ निवडले की काम होते.

एका स्पीकरच्या कागदाची कड झिजून फाटली होती, ती राहिलेल्या पैशांतून बदलून घ्यायला सांगितली. तिचा फरक कोणत्याही डॅकपेक्षा अधिक ऐकू आला. टेपची सर्रसर राहिलीच. ती कॅसेटमधूनच आकड्यांत उतरलेली आहे, डॅक तिला काढणार नाही. पण घरघर गेल्यावर दुसऱ्या कॅसेटीत, दोन अभंगांच्या मधे, वडील कोणाला तरी “टाळ जरा हळू रे” असे म्हणताना ऐकू आले. गुरुजींनी ते तीनदा लावले.