पंधरा रेषांची वाटणी

मोडेमने फोन लावला की माउस गोठायचा. विंडोज ९५-९८च्या काळात घरी डायल-अप असलेल्या अनेकांनी हे अनुभवलं आहे. मग सल्ले सुरू व्हायचे: माउस बदला, मोडेम परत करा, विंडोज पुन्हा टाका. पण माउसही धडधाकट असायचा आणि मोडेमही. माउस कॉम १ या सीरियल पोर्टवर, मोडेम कॉम ३ वर. दोघांचे पत्ते वेगळे, पण प्रोसेसरला हाक मारायची रेष एकच, आयआरक्यू ४. मोडेमने ती धरली की माउसची हाक पोचायचीच नाही.

जुन्या डेस्कटॉपमधली बरीच दुखणी या जातीची. कुठलाच भाग बिघडलेला नसतो, वाटणी चुकलेली असते.

ही वाटणी मुळातच तोकडी होती. कळ दाबली गेली, डिस्कवरून माहिती आली, की संबंधित उपकरण एका ठरावीक रेषेवरून प्रोसेसरला थांबवतं आणि काम करून घेतं. १९८१च्या आयबीएम पीसीत ८२५९ नावाची एक चिप या रेषा सांभाळायची, रेषा ८. १९८४च्या पीसी एटीमध्ये दुसरी ८२५९ आली, पण ती पहिलीच्याच २ क्रमांकाच्या रेषेवर टांगलेली. म्हणजे सोळातून एक वजा, हाती उरल्या १५. त्यांतही टायमर, कीबोर्ड, फ्लॉपी, घड्याळ, गणिती प्रोसेसर आणि दोन आयडीई वाहिन्या यांनी आपापली जागा आधीच अडवलेली. ३ आणि ४ सीरियल पोर्टांच्या, ७ प्रिंटरची, १२ पीएस/२ माउसची. खऱ्या अर्थाने मोकळ्या राहायच्या त्या ५, ९, १० आणि ११. साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड, स्कॅनरचं स्कझी कार्ड, सगळ्यांचा डोळा त्यांच्यावरच.

एक रेष दोघांनी वापरली तर काय बिघडतं? आयसा या जुन्या जातीच्या कार्ड-स्लॉटच्या काळात बरंच बिघडायचं. तिथे रेषेवरचा विद्युतदाब वर चढण्याचा क्षण तेवढा मोजला जाई. दारावरची बेल दोघांनी एकदमच दाबली तर घरातल्याला एकदाच ऐकू येते आणि तो एकालाच आत घेतो, तसं. दुसरं उपकरण ताटकळत राही, आणि पडद्यावर बाण गोठलेला दिसे.

उपाय करायचा तो जंपरने. कार्डावरच्या दोन पिनांवर बसणारी ती इवलीशी टोपी काढून शेजारच्या जोडीवर बसवली की रेष बदलायची. पण तेवढ्यावर भागत नसे. साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाचा पत्ता २२०, आयआरक्यू ५ आणि मेमरीशी थेट बोलायची वाहिनी, म्हणजे डीएमए, १ ही नेहमीची मांडणी ऑटोएक्सेक फाइलमधल्या एका ओळीतही लिहिलेली असे. कार्ड ७ वर आणि ओळ ५ वर राहिली, की गेममधला स्फोट अर्धाच वाजून थांबे, नाहीतर तोच तुकडा अडकून पुन्हा पुन्हा वाजे. जाणकार कारागीर तो आवाज ऐकूनच सांगत, ‘आयआरक्यू चुकलाय.’

१९९३मध्ये आयसासाठी प्लग अँड प्लेचे नियम ठरले, १९९५मध्ये विंडोज ९५ ते घेऊन आलं. कार्डांनी आपली गरज सांगायची आणि बायोसने व विंडोजने वाटणी करायची, असा बेत. नवी कार्डं बोलू लागली. जुनी जंपरवाली मात्र मुकीच. आपण कुठे बसलोय हे ती सांगत नसत, त्यामुळे त्यांच्याच जागेवर दुसऱ्याला बसवलं जाई आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह उमटे. अशा वेळी मुक्या कार्डाची रेष बायोसमध्ये ‘लेगसी आयसा’साठी राखून ठेवणं हा खात्रीचा इलाज. मोडेमच्या भांडणात न लागणारं कॉम २ बायोसमधून बंद करायचं आणि मोकळी झालेली ३ क्रमांकाची रेष मोडेमला द्यायची.

आयसानंतर आलेल्या पीसीआय स्लॉटने मूळ नियमच बदलला. त्यात हाक ऐकून काम होईपर्यंत रेष धरूनच ठेवली जाते, त्यामुळे एका रेषेवर अनेकांना बसता येतं; अट एवढीच, की ड्रायव्हर शहाणे हवेत. ‘कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये घालून बघा’ हा दुकानातला सल्लाही अंधश्रद्धा नव्हती: स्लॉट बदलला की बहुधा रेषही बदलते. पुढे पीसीआय एक्सप्रेसमध्ये स्वतंत्र रेषाच उरल्या नाहीत. उपकरण हाकेचा निरोप थेट मेमरीच्या ठरलेल्या पत्त्यावर लिहितं. भांडण मिटलं ते रेषा वाढवून नव्हे, तर रेषेची गरजच संपवून.

तरी काही कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत आयसा कार्डावर चालणारी जुनी यंत्रं अजून कामात आहेत. तसं एखादं अडलं तर नवा भाग शोधण्याआधी सगळी जादा कार्डं काढावीत. प्रत्येकाचा आयआरक्यू, डीएमए आणि पत्ता कागदावर लिहावा. हटवादी, जंपरवाल्यांना आधी बसवावं, जुळवून घेणाऱ्यांना नंतर. दर खेपेला एकच कार्ड, आणि प्रत्येक वेळी यंत्र सुरू करून तपासावं. कागदावर एकच आकडा दोनदा आला, की बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं, आणि खर्च होतो तो फक्त वेळ.