जुन्या जीपची पुढील चाके का थरथरतात?

कसारा घाटात शहापूरकडे व माळशेज घाटात मुरबाडकडे उताराला लागलेल्या जीपची पुढील चाके थरथरू लागली, तर स्टेअरिंग हातात राहत नाही. म्हणून जुनी जीप वापरणाऱ्याने हा दोष सपाटीवरच शोधावा.

थरथर ठराविक वेगालाच येऊन पुढे नाहीशी होत असेल, तर चाकांचा तोल बिघडलेला असतो. शेतवाटेचा चिखल रिमच्या आत सुकून बसतो. तो प्रथम खरवडून धुवावा. दोन्ही टायरांतील हवा सारखी करावी, नट आवळावेत. तरीही थरथर राहिल्यास बॅलन्सिंग करून घ्यावे.

खड्ड्यात आदळताच चाके डोलू लागत असतील, तर सांधे ढिले झालेले असतात. मागील चाकांना दगड लावून पुढील भाग जॅकने उचलावा व भक्कम ठोकळ्यांवर टेकवावा. चाक वर व खाली धरून हलवावे. हलल्यास साथीदाराने ब्रेक दाबावा. हालचाल थांबली तर बेअरिंग सैल, न थांबली तर किंग-पिन झिजलेली समजावी. चाक केवळ आडवे हलत असेल, तर टाय-रॉडची टोके तपासावीत.

झिजलेला भाग बदलून अलाइनमेंट करावे. तोपर्यंत गाडी घाटात नेऊ नये.