पिट्युटरीची मोठी गाठ : उपचार कोणते?

• मेंदूच्या तळाशी असलेल्या या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतली गाठ १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असेल, तर ती ‘मॅक्रोॲडेनोमा’. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात.

• गाठ वर वाढली की दृष्टीच्या नसांवर दाब येतो. समोरचं दिसतं, पण कर्वे रस्त्यावर कडेने येणारी दुचाकी दिसत नाही.

• प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढलं असेल तर : गाठ मोठी असली तरी पहिला उपचार बहुधा गोळ्यांचा. कॅबर्गोलिन, आठवड्यातून एकदा-दोनदा. गाठ आकसते, दृष्टीही सुधारू शकते. गाठ फार मोठी असल्यास तपासणीत प्रोलॅक्टिन फसवं कमी दिसू शकतं. रक्ताचा नमुना पातळ करून पुन्हा तपासावा लागतो.

• ग्रोथ हार्मोन वाढलं असेल तर : अंगठी घट्ट होते, चपलेचं माप वाढतं. आधी नाकातून दुर्बिणीची शस्त्रक्रिया, गाठ उरल्यास ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची इंजेक्शनं, साधारण दर महिन्याला.

• कुशिंग (गाठीमुळे शरीरात कॉर्टिसॉल वाढणं) : इथेही आधी शस्त्रक्रिया.

• शस्त्रक्रिया आणि औषधांनंतरही गाठ उरली तर रेडिएशन; त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही वर्षं लागतात.

• अचानक तीव्र डोकेदुखी, उलट्या, दृष्टी जाणं : गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.